शनिवारचा बंद घाणा

‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न मराठी घरात जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा ‘देव काय म्हणेल?’ हा विचारला जात नाही. लग्न ठरवायचे असो, मुलाचे नाव ठेवायचे असो, नाहीतर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कुठे ठेवायचे हे ठरवायचे असो, आधी लोक पुढे येतात. देवाचा नंबर बराच मागे लागतो. आम्ही बेने इस्राएल शतकानुशतके कोकणात राहिलो, मराठी आमची मायबोली झाली, आणि तिच्याबरोबर हा प्रश्नही आमच्या घरात आला. पुढे तो विमानात बसून इस्राएललासुद्धा आला. बेरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद, जिथे जिथे आपली वस्ती आहे तिथे तो सुखाने नांदतो आहे.

आता लोकांचे मत म्हणजे काही टाकाऊ गोष्ट नव्हे. शेजाऱ्याची लाज वाटते म्हणून पुष्कळ माणसे सरळ चालतात, हे आम्हांला मान्य आहे. पण देवाशी इमान आणि लोकांची शाबासकी या दोन गोष्टी एकमेकींच्या आड आल्या, तर माणसाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जायचे कारण नाही. आपल्या समाजाचा इतिहास म्हणजे या एकाच प्रश्नाला पिढ्यान्‌पिढ्या दिलेली उत्तरे आहेत. काही उत्तरे चांगली आहेत, काही तितकीशी चांगली नाहीत. दोन्ही पाहू.

कोकणातला सातवा दिवस

गलबत फुटल्याची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत बुडाले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि बाकीच्यांची प्रेते नवगावातच पुरली. हे नेमके कधी घडले यावर विद्वानांचा वाद चालतो, तो त्यांनी खुशाल चालवावा. जे वाचले त्यांच्याजवळ ना ग्रंथ उरले, ना गुरू. ते आसपासच्या गावांत पांगले आणि त्या त्या गावांची नावे लावू लागले. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगावकर, केहिमकर, दिवेकर, झिराडकर, अष्टमकर अशी आपली आडनावे म्हणजे कुलाबा जिल्ह्याचा, आजच्या रायगडचा, नकाशाच आहे.

पोटासाठी त्यांनी तेलाचा घाणा धरला. बैल जुंपायचा, तीळ गाळायचे आणि तेल घरोघर घालायचे. गावात दुसरेही तेली होते. त्यांतले महादेवाला मानणारे सोमवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ते सोमवार तेली. आमचे लोक शनिवारी बंद ठेवत, म्हणून शनिवार तेली. हे नाव आम्ही घेतलेले नाही, शेजाऱ्यांनी दिलेले आहे. म्हणजे आमच्या पूर्वजांविषयी गावाला दोनच गोष्टी ठाऊक होत्या: हे तेल काढतात, आणि शनिवारी काढत नाहीत.

शनिवार म्हणजे कोकणात मारुतीला तेल वाहण्याचा वार. तेल्याने नेमका त्याच दिवशी बैल सोडून स्वस्थ बसायचे, याचा धंद्यावर काय परिणाम होत असेल याचा विचार करून पाहावा. शिवाय चूलही पेटवायची नाही, आदल्या दिवशी रांधलेले खायचे. सात दिवसांतला एक दिवस कमाईतून वजा. हातावर पोट असलेल्या माणसाला ही गोष्ट थोडी नाही.

आणि हे पाहायला होते तरी कोण? गावात रब्बी नव्हता. सिनेगॉग नव्हते. तोराची गुंडाळी नव्हती. एखाद्या शनिवारी गिऱ्हाईक दारात उभे आहे, घरात दाणे संपलेत, अशा वेळी बैल जुंपला असता तर विचारणारा कोणी नव्हता. गावकऱ्यांनी नवलही केले नसते. उलट ‘बरे झाले, शहाणे झाले’ असेच म्हटले असते. तरी घाणा बंद राहिला.

कोकणात आमचा छळ झाला नाही, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. युरोपात यहुदी माणसाच्या नशिबी जे आले, ते कोकणात आमच्या नशिबी आले नाही. पण आपुलकीतही एक कसोटी असते. मारझोड झाली तर माणूस हट्टाला पेटतो. शेजारी प्रेमाने पंक्तीला बोलावतात तेव्हा मात्र ‘एवढ्याने काय होते?’ असे वाटू लागते. समाज विरघळतो तो असा, हळूहळू, आणि कोणाचेही वाईट न चिंतता.

काय सोडले, काय राखले

मग आमचे पूर्वज शेजाऱ्यांशी फटकून राहिले का? अजिबात नाही. त्यांनी मराठी भाषा घेतली, लुगडे घेतले, पागोटे घेतले. बायकांनी मंगळसूत्र घातले, लग्नात हळद आणि मेंदी आली. शमुवेलचा सामाजी झाला, मोशेचा मुसाजी झाला, अब्राहमचा अबाजी झाला. जेवणात नारळाचे दूध आले, आणि ते मटणाच्या रश्शाला चालते म्हणून सोयीचेही झाले. या बाबतीत लोकांसारखे व्हायला त्यांनी काडीची कुरकुर केली नाही.

जे राखले ते फार थोडे होते. मुलाची आठव्या दिवशी सुंता. शनिवार. खाण्यातला विधिनिषेध. काही सण आणि उपास. आणि शेमाची प्रार्थना. बाकीची इब्री विसरली गेली, पण शेमाचे शब्द तोंडात राहिले. सुंता असो, लग्न असो, नाहीतर मयत असो, तेच म्हणायचे. एकच प्रार्थना येते म्हणून ती पुन्हापुन्हा म्हणणाऱ्या त्या माणसांना आज कोणी अडाणी म्हणेल. पण आम्हांला तर वाटते की त्यांच्याजवळ होते ते सगळे त्यांनी दिले.

मात्र एक गोष्ट इथेच नमूद केली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे नुसते पूर्वजांचे स्तोत्र होईल. वरच्या वर्गातले शेजारी विधवेचे लग्न करीत नसत, म्हणून आमच्यातही ते बंद झाले. तोरामध्ये विधवेच्या पुनर्विवाहाला आडकाठी नाही. देवाने जे मागितले नव्हते ते लोकांच्या नजरेत चांगले दिसावे म्हणून स्वीकारले गेले, आणि त्याची किंमत किती तरी तरुण बायकांनी जन्मभर भरली. लोकांच्या शाबासकीचे बिल पुष्कळदा असे घरातल्या दुबळ्या माणसाच्या नावावर फाडले जाते. गोमांस वर्ज्य केले ती गोष्ट वेगळी. त्यात शेजाऱ्याच्या भावनेचा मान होता आणि कोणाचे नुकसान नव्हते. म्हणजे लोकांसाठी वाकण्यातही दोन प्रकार आहेत, आणि त्यांची गल्लत करू नये.

दार लावून

आपल्या जुन्या सणांची मराठी नावे आता नव्या पिढीला सांगावी लागतात. नव्याचा सण म्हणजे नवे वर्ष. खिरीचा सण होता, अनाशी ढाकण्याचा सण होता, तोच आपला पेसाह. बिरड्याचा रोजा म्हणजे अव महिन्याचा उपास. बिरडे खाऊन पाळायचा म्हणून हे नाव. देवळाच्या विध्वंसाची हकिकत विसरली गेली, पण उपास आणि बिरडे राहिले.

या सगळ्यांत आम्हांला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ते किप्पूरचे जुने नाव: दरफाळणीचा सण. म्हणजे दार लावून घ्यायचा सण. त्या दिवशी आपली माणसे अंघोळ करून पांढरे कपडे घालीत, उपास धरीत, घराचे दार लावून घेत आणि दिवसभर कोणाशी संबंध ठेवीत नसत. हायेम सामुएल केहिमकरांनी आपल्या समाजाच्या इतिहासात हे सगळे नोंदवून ठेवले आहे. तो ग्रंथ त्यांनी १८९७ साली लिहून पुरा केला आणि तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये.

दार लावल्यावर आत कोण आहे आणि काय करतो आहे हे कोणाला दिसणार? आत बसून जेवला असता तरी कळले नसते. किप्पूरच्या दिवशी सिनेगॉगमध्ये शेजारचा माणूस आपल्याकडे पाहत असतो, आपण त्याच्याकडे पाहत असतो, कोणी किती वेळ उभे राहिले याची मनातल्या मनात नोंद होते. कोकणातल्या त्या अंधाऱ्या घरात नोंद ठेवणारा एकच होता. बिनसिनेगॉगचे आमचे पूर्वज त्या दिवसाच्या अर्थाजवळ पोचले होते असे आम्हांला वाटते.

मासळीची टोपली

दावीद रहाबी यांची गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल. ते कधी आले याविषयी दोन मते आहेत. आपली परंपरा त्यांना पुष्कळ जुने मानते, तर अभ्यासक अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याकडे बोट दाखवतात. काही असो. कोकणात शनिवार पाळणारी, मुलांची सुंता करणारी माणसे त्यांना दिसली आणि ही आपलीच तर नव्हेत, अशी शंका आली. खात्री करायला त्यांनी काय करावे? पुरुषांना बोलावून धर्मावर प्रश्न विचारले नाहीत. बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी तेवढी वेगळी काढली आणि बाकीची बाजूला सारली. हे आम्ही खात नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. रहाबींची खात्री पटली. पुढे त्यांनी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना शिकवून तयार केले, तेच आपले पहिले काजी.

कोकणात राहून कोळंबी नाही, खेकडा नाही, तिसऱ्या नाहीत, सुकट नाही, याचा अर्थ रायगड-रत्नागिरीच्या माणसालाच कळेल. शेजारच्या घरातून जवळ्याचा वास येतो आहे आणि आपल्याकडे डाळभात! त्या बायकांना शास्त्र सांगता आले नसते, कोणत्या ग्रंथात कुठे लिहिले आहे तेही आले नसते. आपली परीक्षा चालली आहे हेसुद्धा त्यांना माहीत नव्हते. म्हणून तर ती खरी परीक्षा झाली. परीक्षक समोर आहे हे कळले की आपण सगळेच शहाण्यासारखे वागतो.

विल्सनसाहेबांची शाळा

एकोणिसाव्या शतकात कसोटी वेगळ्या रूपाने आली. रेव्हरंड जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले. त्यांनी आपल्या मुलांना शाळेत घेतले, इब्री शिकवली, १८३२ साली मराठीतून इब्रीचे व्याकरण छापले. बायबलच्या जुन्या कराराचे मराठी भाषांतर मिशनऱ्यांमुळेच आमच्या हातात पडले आणि अब्राहम, मोशे, दावीद यांच्या कथा घराघरांत पोचल्या. हे उपकार फार मोठे होते. त्यांच्यामागे एक इच्छाही होती, ती म्हणजे आम्ही ख्रिस्ती व्हावे. त्यांनी ती लपवली नाही.

विद्या ज्याने दिली, नोकरीची वाट ज्याने दाखवली, त्याला नाही म्हणणे कठीण असते. तलवारीला नाही म्हणणाऱ्याचे पोवाडे होतात. उपकारकर्त्याला नम्रपणे नाही म्हणणाऱ्याचे कोणी करीत नाही. आमच्या लोकांनी इब्री शिकून घेतली, साहेबांचा मान राखला आणि धर्म मात्र सोडला नाही. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. शिकलेली इब्री त्यांनी आपल्याच कामाला लावली. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांची पुस्तके मराठीत आणली. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह हगादा छापला गेला. १८७५ साली केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समाजाची स्वतःची शाळा काढली, तीच पुढे सर एली कदुरी शाळा झाली. आणि मराठी कीर्तनाच्या चालीवर अब्राहम-योसेफांची आख्याने आपल्या वाड्यांतून रंगू लागली.

याच मुंबईत मांडवीला १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी पहिले सिनेगॉग बांधले, शार हारहमीम. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटलो तर देवाचे घर बांधीन, असा त्यांचा नवस होता असे परंपरा सांगते. आजूबाजूच्या लोकांनी त्याला जुनी मशीद म्हटले. आमच्या लोकांनी त्या नावावरून कधी भांडण काढले नाही. आत कोणाची प्रार्थना होते हे प्रार्थना करणाऱ्यांना माहीत होते, तेवढे पुरे होते.

शहरात आल्यावर सगळेच टिकले असेही नाही. कचेऱ्या, रेल्वे, पलटण, इथे शनिवारची सुटी मिळत नव्हती. घाण्यावर जे जमले ते टेबलावर पुष्कळांना जमले नाही. हेही इतिहासातच जमा आहे.

१९६४चा उन्हाळा

आणि मग आला सर्वांत अवघड प्रसंग. तो परक्यांकडून आला नाही.

१९४८ नंतर आपले लोक मोठ्या आशेने इस्राएलला येऊ लागले. ज्या देशाकडे तोंड करून प्रार्थना केली तिथे जायचे, म्हणून घरदार विकून निघाले. इथे आल्यावर काही रब्बींनी आपल्या मुलामुलींचे इतर यहुद्यांशी लग्न लावायला नकार दिला. त्यांची शंका अशी: इतकी शतके या लोकांना धर्मशास्त्राचे शिक्षण नव्हते, मग घटस्फोटाचे लेख आणि दिराने सोडवणूक करण्याचा विधी यांचे नियम पाळले गेले असतील कशावरून? आणि ते पाळले नसतील, तर संतती शास्त्राप्रमाणे शुद्ध कशी मानायची? १९६१च्या ऑक्टोबरात मुख्य रब्बी परिषदेने असे ठरवले की बेने इस्राएलांशी विवाह करायला मनाई करण्यास आधार नाही. वाटले, मिटले. पण १९६२च्या फेब्रुवारीत निर्देश निघाला की लग्नाच्या वेळी आईकडून मागे मागे जाऊन, जितक्या पिढ्या शक्य तितक्या, चौकशी करावी.

कोकणातली आजी, पणजी, खापरपणजी! त्यांचे कागद कोण देणार? त्यांच्याजवळ शनिवारी न पेटलेली चूल होती, तिचा दाखला कोणत्या कचेरीत मिळतो?

१९६४च्या उन्हाळ्यात देशभरातले आपले लोक जेरुसलेमला जमले आणि त्यांनी धरणे धरले. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारला त्याची दखल घ्यावी लागली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटची खास बैठक झाली आणि ठराव झाला की बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी यहुदी आहेत, त्यांच्यात आणि इतर यहुद्यांत काही भेद नाही, आणि रब्बींच्या संस्थेने भेदभावाची भावना निर्माण करणारी कारणे दूर करावीत. त्याच महिन्याअखेर निर्देशातून बेने इस्राएलांचा खास उल्लेख काढून टाकण्यात आला.

या प्रसंगाकडे आता साठ वर्षांनंतर पाहताना एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ज्या रब्बींनी अडवले त्यांचेही म्हणणे हेच होते की लोकांच्या दबावापेक्षा देवाचा कायदा मोठा. दोन्ही बाजू इमानाचीच भाषा बोलत होत्या. मग फरक कुठे? आम्हांला तो असा दिसतो. आमच्या आज्यांनी जे नियम पाळले त्यांचे ओझे त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतले होते. निर्देशाचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर होते, आणि तेही पुराव्यावर नाही, नुसत्या शंकेवर. देवाच्या नावाने दुसऱ्याला उभे करून ठेवणे सोपे असते, कारण त्यात आपला एकही शनिवार खर्च होत नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या वडीलधाऱ्यांनी धरणे धरले ते मानासाठी आणि मुलांच्या संसारासाठी. आपण यहुदी आहोत की नाही, हा प्रश्न त्यांनी कोणालाच विचारला नव्हता. तो त्यांना पडलाच नव्हता. रागाच्या भरात सिनेगॉगकडे पाठ फिरवावी, सुंता बंद करावी, शब्बाथ सोडावा, असे काही झाले नाही. माणसांनी नाकारले म्हणून देवाशी भांडण काढायचे नसते, एवढे त्यांना कळत होते.

मराठी वाचकाला इथे पैठणची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. संन्याशाची मुले म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई यांना शुद्धिपत्र आणायला पैठणच्या ब्राह्मणांकडे पाठवले, अशी कथा आपणही शाळेत वाचली. आज शुद्धिपत्र कोणी मागितले त्यांची नावे कोणाला आठवत नाहीत.

आपल्या घरातले दाखले

पण हीच कथा सांगताना जरा आपल्याही वाड्यात डोकावले पाहिजे. आपल्या समाजात गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल असा भेद होता. ज्यांची आई बेने इस्राएल नव्हती त्यांच्या संततीला काळा इस्राएल म्हणत. त्यांच्याशी सोयरीक होत नसे आणि सिनेगॉगमध्येही त्यांना बरोबरीचे मानले जात नसे. मुंबईचे बगदादी यहुदी आम्हांला कमी लेखत, मिन्यानमध्ये धरायला कां कू करीत, याचा आमच्या लोकांना केवढा संताप! आणि त्याच माणसांच्या वस्तीत काळा इस्राएल मागच्या बाकावर. वरच्याची शाबासकी मिळत नाही म्हणून खालच्याला दाखला नाकारायचा, ही रीत काही आमच्यापुरती नाही, पण आमच्यातही होती. आता इस्राएलमध्ये तो भेद जवळजवळ पुसला गेला आहे. मात्र इतर देशांतून आलेले नवे लोक दिसले की ‘हे खरे यहुदी कशावरून?’ हा प्रश्न आपल्याही तोंडून कधी कधी ऐकू येतो. तो ओठावर आला की १९६२चा निर्देश आठवावा.

कर्मेल डोंगरावर एकटा

आपल्या समाजाचा सर्वांत लाडका संदेष्टा एलियाहू हानाबी. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा दाखवतात. शुभकार्य असो की नवस फेडायचा असो, मलिदा त्यांच्या नावाने. पोहे, गूळ, खोबरे, वेलची, वर फळे. बगदादच्या, पोलंडच्या, मोरोक्कोच्या यहुद्यांना हे ठाऊक नाही. म्हणून इथे आल्यावर सुरुवातीची पुष्कळ वर्षे हा विधी थोडा दबकतच झाला. शेजाऱ्यांना काय वाटेल, हे हिंदूंचे आहे म्हणतील, अशी भीती. आता हायफाला कर्मेलच्या पायथ्याशी एलियाहूच्या गुहेत आपली माणसे मलिद्याची ताटे घेऊन उघडपणे जातात, याचे आम्हांला समाधान वाटते.

एलियाहूंचीच गोष्ट घ्या. त्याच कर्मेलवर ते एकटे उभे होते आणि समोर बआलचे साडेचारशे संदेष्टे. भोवतालच्या लोकांना त्यांनी विचारले की तुम्ही कोणाच्या बाजूचे, तर लोक गप्प. कोण जिंकतो ते पाहून ठरवू, असा तो गप्पपणा होता. पुढे जय झाला तेव्हा सगळे देवाच्या बाजूचे झाले. पण ती शाबासकी टिकली किती? लवकरच राणीच्या धमकीमुळे एलियाहूंना रानात पळावे लागले, आणि आता मी एकटाच उरलो, मरण दे, असे ते देवाला म्हणाले. तेव्हा देवाने सांगितले की एकटा नाहीस, बआलपुढे गुडघा न टेकलेले सात हजार लोक इस्राएलात अजून आहेत.

त्या सात हजारांतल्या एकाचेही नाव ग्रंथात नाही. एलियाहूंनासुद्धा त्यांचा पत्ता नव्हता. ते कर्मेलवर आले नव्हते, त्यांनी कोणाला शिकवले नव्हते, घरच्या घरी इमान राखून होते, इतकेच. पेण, रोहा आणि नवगावचे आमचे तेली त्याच सात हजारांच्या जातीचे, असे आम्ही मानतो.

आज भारतात आपली माणसे काही हजारच उरली आहेत, बहुतेक सगळे इथे आहेत. इथे शनिवारी बहुतेक ठिकाणी दुकाने बंद, बस बंद, शाळा बंद. शब्बाथ पाळायला एक पैसाही खर्च होत नाही. तेव्हा तो पाळला म्हणून छाती फुगवण्यात अर्थ नाही. आजची कसोटी दुसरीकडे आहे. दुकानातला तराजू, करखात्याचा फॉर्म, कामावरच्या परदेशी मजुराला वेळेवर द्यायचा पगार, म्हाताऱ्या आईला रोज करायचा फोन. या ठिकाणी बघणारे कोणी नसते. उलट लग्नातला हॉल केवढा होता आणि किती पाहुणे आले, हे सगळ्यांना दिसते, म्हणून त्यासाठी कर्ज काढले जाते. आपल्या तरुण मुलांनी टोपी कोणत्या पद्धतीची घालावी आणि प्रार्थना कोणत्या चालीवर म्हणावी, यावर घराघरांत वाद होतात. दुसऱ्यांच्या चाली चांगल्या असतील तर जरूर घ्याव्यात. पण आपली चाल फक्त दुसरे हसतील म्हणून टाकू नये, आणि दुसऱ्याची फक्त ते मान डोलावतील म्हणून उचलू नये.

शिळा सण

वर दरफाळणीच्या सणाचे सांगितले. त्याच्या दुसऱ्या दिवसालाही आपल्यात नाव होते: शिळा सण. त्या दिवशी लावलेली दारे उघडत. माणसे एकमेकांच्या घरी जात, भेटत आणि गोरगरिबांना दानधर्म करीत. हा क्रम आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. आधी दार लावून देवापुढे बसायचे आणि मग दार उघडून लोकांकडे जायचे. लोकांकडे जायचे ते ‘मला चांगले म्हणा’ असे मागायला नाही, हातात काहीतरी घेऊन, द्यायला. देवाशी इमान राखणारा माणूस लोकांपासून तुटत नाही. त्याला लोकांकडून काही वसूल करायचे नसते, म्हणून तो त्यांच्यात जास्त मोकळेपणाने वावरतो. शनिवार तेल्यांना गावाने सांभाळले ते काही उगाच नाही. जो माणूस कोणी बघत नसताना देवाला फसवत नाही तो तेलाच्या मापात आपल्याला फसवणार नाही, एवढा हिशेब गावालाही कळत असणार.

येत्या किप्पूरला सिनेगॉग भरलेले असेल, नवे पांढरे कपडे असतील, ओळखीचे सगळे भेटतील. ते सगळे असावेच. पण उपास सुटायच्या आधी प्रत्येकाने घटकाभर मनातल्या मनात दार लावून घ्यावे आणि स्वतःला विचारावे: कोणी बघत नसताना माझा घाणा शनिवारी बंद असतो का? आणि दुसऱ्या दिवशी, जुन्या रिवाजाप्रमाणे, ज्याच्याकडे वर्षभर गेलो नाही अशा एखाद्या माणसाच्या घरी, मलिद्याचे ताट नाहीतर नुसता नारळ घेऊन, जाऊन यावे.

सर्व वाचकांना शालोम आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा.